कोकणातल्या तरुणांनी उत्सर्जनाचा हिशेब कसा मागायचा

हवामान बदलाबद्दल काहीतरी करायला हवं असं वाटतं, पण 'आपल्या तालुक्यात बसून नेमकं काय करणार?' या प्रश्नाशी गाडी अडते, अशा पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या तरुण मुलामुलींसाठी हा लेख आहे. रॅली, पोस्टर आणि किनारा-सफाई यांत आपली कॉलेजं मागे नाहीत. पण किनाऱ्यावरचं प्लास्टिक उचलणारी मुलं, जवळच्या धुरांड्याखाली वर्षाला किती कोळसा जळतो हे क्वचित विचारतात. कोणाला विचारायचं, कोणत्या कागदावर आणि किती दिवसांत, हे त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं.

आणि विचारायला कोकणाइतकं कारण फार थोड्या प्रदेशांना असेल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. वर्षभराच्या आत, मे २०२१ मध्ये, तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड बुडाले, त्याच दिवशी तळीये गावावर दरड आली. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडी दरडीखाली गेली. थंडी नीट पडत नाही म्हणून हापूसचा मोहोर पुढे सरकतो, पुन्हा पुन्हा फुटतो आणि अवकाळी पावसात काळा पडतो, हे बागायतदाराच्या घरात कोणालाही विचारा. यातल्या प्रत्येक घटनेचं सगळं खापर तापमानवाढीवर फोडता येत नाही. डोंगर पोखरणं आणि नदीत गाळ साचणं हीही कारणं आहेत. पण तापलेल्या अरबी समुद्राने वादळं आणि मुसळधार पाऊस या दोन्हींची ताकद वाढवली आहे, हे विज्ञान आता पक्कं आहे.

आधी धोरणातली एक मेख समजून घ्या

भारताने २०२२ मध्ये सुधारून दिलेलं वचन असं आहे: २०३० पर्यंत उत्सर्जनाची तीव्रता २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करायची आणि वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर न्यायचा. नक्त-शून्याचं, म्हणजे जितकं उत्सर्जन तितकंच शोषलं जाण्याचं, लक्ष्य २०७० चं आहे. यात 'तीव्रता' म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर रुपयामागे होणारं उत्सर्जन. उत्पन्न तिप्पट झालं आणि तीव्रता ४५ टक्क्यांनी उतरली, तरी एकूण उत्सर्जन दीडपटीहून जास्त होतं. वर्तमानपत्रात 'उत्सर्जन ४५ टक्के घटवणार' असं छापून येतं, ते चुकीचं आहे. तुमच्या भाषणात ही चूक होऊ देऊ नका, कारण समोरचा जाणकार तिथेच तुम्हाला अडवेल.

भारताचं दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. श्रीमंत देशांनी शंभर-दीडशे वर्षं हवेत सोडलेल्या कार्बनचा बोजा आपल्यावर टाकू नये ही भूमिका मला पूर्ण मान्य आहे. पण देशाची ही बाजू एखाद्या कारखान्याला शेजारच्या गावापासून आकडे लपवण्याचा परवाना देत नाही.

दुसरी मेखही लक्षात असू द्या. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, म्हणजे एमपीसीबी, कारखान्याला जे संमतीपत्र देतं त्यात धूळ, सल्फर डायऑक्साइड, सांडपाणी यांच्या मर्यादा असतात. कार्बन डायऑक्साइडची मर्यादा नसते. २०२३ च्या कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजनेत काही उद्योगांना लक्ष्यं मिळू लागली आहेत, तीही तीव्रतेचीच. त्यामुळे 'कंपनीने कार्बनचा कायदा मोडला' अशी तक्रार बहुतेक वेळा टिकत नाही. टिकते ती वेगळी मागणी: आकडा जाहीर करा, मंजुरीच्या अटी पाळल्याचा पुरावा द्या आणि नव्या प्रकल्पाच्या अहवालात हवामानाचा धोका नीट मोजा.

पहिली पायरी: माणसं जमवा

पाच-सात जण पुरतात. पण निवड विचाराने करा. एक जण होडीवाल्या घरातला असावा, एक आंबा-काजूच्या बागायतीतला. कॉमर्सचा एखादा विद्यार्थी हवाच, कारण कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायचे आहेत. आणि जमलं तर ज्याच्या घरातलं माणूस जवळच्या कारखान्यात कामाला आहे असा एक जण. त्याला वगळून केलेलं काम गावात 'पोटावर पाय आणणारं' ठरतं आणि तिथेच संपतं.

पहिली बैठक गौरी-गणपतीत किंवा शिमग्याला घ्या. मुंबई-पुण्यात शिकणारी, नोकरी करणारी मुलं तेव्हाच गावात असतात, आणि त्यांच्यातले काही जण पुढे इंटरनेटवरचं सगळं काम तिकडे बसून करू शकतात.

दुसरी पायरी: आधी आपल्या गावाचा हिशेब मांडा

दुसऱ्याचा हिशेब मागण्याआधी स्वतःचा मांडलेला असला की बोलण्याला वजन येतं, आणि गणितही हाताखालून जातं. चार गुणक पाठ करा. विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेलच्या लिटरमागे सुमारे २.७ किलो, पेट्रोलच्या लिटरमागे सुमारे २.३ किलो, आणि १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो. विजेचा गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी जाहीर करतं, तो नवा घ्या.

आकडे कुठून मिळवायचे? विजेसाठी प्रत्येक वाडीतल्या पंधरा-वीस घरांची बिलं बघा आणि सरासरी काढा. बंद घरं वेगळी मोजा. कोकणात हे विसरलं तर हिशेब पार चुकतो, कारण निम्म्या पाखाडीला कुलूप असतं. होड्यांच्या डिझेलसाठी मच्छीमार सहकारी संस्थेत जा. डिझेल कोट्याची नोंद संस्थेकडे असते, त्यामुळे मासेमारीचा आकडा गावातल्या बाकी कुठल्याही आकड्यापेक्षा नेमका मिळतो. चिरेखाणी, बर्फाचा कारखाना, काजू प्रक्रिया आणि आंबा कॅनिंगची युनिट स्वतंत्र लिहा.

समजा दोनशे नांदत्या घरांचं गाव आहे. घरटी महिन्याला ८० युनिट धरली तर वर्षाला १,९२,००० युनिट, म्हणजे सुमारे १३८ टन. घरटी वर्षाला सहा सिलिंडर, म्हणजे ५० टन. वीस होड्या वर्षाला प्रत्येकी ३,००० लिटर डिझेल जाळत असतील तर १६२ टन. दीडशे दुचाक्या वर्षाला प्रत्येकी १२० लिटर पेट्रोल पीत असतील तर ४१ टन. बेरीज ३९१ टन. उदाहरण कल्पित आहे, तुमच्या गावाचे आकडे तुम्ही भरा. जळाऊ लाकूड, राब भाजणं, सड्यावरचे (कातळी पठारावरचे) वणवे आणि भातखाचरांतला मिथेन यांची पहिल्या वर्षी फक्त नोंद ठेवा, बेरजेत घेऊ नका. त्यांचं गणित अवघड आहे आणि चुकीच्या आकड्याने बाकीचा हिशेबही संशयात येतो.

आता हा आकडा मोठ्या वीज केंद्राशेजारी ठेवा. कोळशावर एक मेगावॉट-तास, म्हणजे हजार युनिट, वीज करताना साधारण ०.९ ते १ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. १,२०० मेगावॉटचं केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं तर या अख्ख्या गावाचं वर्षभराचं उत्सर्जन ते वीस-बावीस मिनिटांत करतं. ही तुलना ग्रामसभेत फळ्यावर मांडून दाखवा. मात्र दोन्ही आकड्यांची बेरीज करू नका: गावात जळणारी वीज अशाच केंद्रांतून येते, त्यामुळे तेच उत्सर्जन दोनदा मोजलं जाईल.

तिसरी पायरी: मोठ्यांचे आकडे, जे आधीच जाहीर आहेत

तालुक्याची यादी करा. जयगडचं जेएसडब्ल्यूचं १,२०० मेगावॉटचं कोळसा केंद्र, दाभोळचं गॅसवरचं रत्नागिरी गॅस, डोलवीचा पोलाद कारखाना, थळचा आरसीएफचा खत कारखाना, डहाणूचं ५०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र, लोटे-परशुराम, महाड, रोहा, तळोजा, तारापूरच्या औद्योगिक वसाहती. यातलं जे तुमच्या जवळ आहे त्यापासूनच सुरुवात करा.

वीज केंद्र असेल तर काम सोपं आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कार्बन डायऑक्साइडचा डेटाबेस असतो. त्यातली एक्सेल फाइल उतरवा. देशातल्या ग्रिडला जोडलेल्या वीज केंद्रांची निर्मिती आणि उत्सर्जन त्यात केंद्रनिहाय आणि वर्षनिहाय दिलेलं असतं. पाच वर्षांचे आकडे काढून आलेख करा. हे काम एका संध्याकाळचं आहे, आणि तुमच्या आमदारांच्या, पत्रकारांच्या हातात बहुधा हा कागद कधीच पडलेला नसेल.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठी दुसरा रस्ता आहे. सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून वार्षिक अहवालासोबत बीआरएसआर नावाचा, व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता सांगणारा, अहवाल द्यावा लागतो. त्यातल्या सहाव्या तत्त्वाच्या प्रकरणात स्कोप १, म्हणजे कंपनीने स्वतः जाळलेल्या इंधनाचं उत्सर्जन, आणि स्कोप २, म्हणजे विकत घेतलेल्या विजेचं उत्सर्जन, टनांत लिहिलेलं असतं. स्कोप ३ मध्ये कच्चा माल, वाहतूक आणि विकलेला माल वापरताना होणारं उत्सर्जन येतं. ते देणं ऐच्छिक आहे, म्हणून तिथे बऱ्याचदा जागा मोकळी दिसते.

अडचण अशी की हा आकडा संपूर्ण कंपनीचा असतो. आरसीएफचा आकडा थळ आणि ट्रॉम्बे मिळून येतो. म्हणून कंपनीच्या सचिवांना लेखी पत्र पाठवून एकच प्रश्न विचारा: आमच्या तालुक्यातल्या कारखान्याचा वाटा किती? उत्तर देण्याची सक्ती त्यांच्यावर नाही. पण पत्राची पोच जपून ठेवा, पुढे जनसुनावणीत ती उपयोगी पडते. दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून वाचताना टनांतला आकडा आणि तीव्रतेचा आकडा दोन्ही पाहा. कंपन्या ठळक अक्षरांत तीव्रता कमी झाल्याचं छापतात, टन वाढलेले असतात ते कोष्टकात शोधावे लागतात.

तिसरा कागद मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: पर्यावरण मंजुरीच्या अटींचा सहामाही पूर्तता अहवाल. मंजुरी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पाला तो १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. मूळ मंजुरीपत्र केंद्र सरकारच्या पर्यावरण मंजुऱ्यांच्या 'परिवेश' पोर्टलवर सापडतं. ते डाउनलोड करा आणि डाव्या रकान्यात अट, मधल्या रकान्यात कंपनीचं उत्तर, उजव्या रकान्यात तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेलं, असा तक्ता करा. हरितपट्ट्याची अट घ्या. अहवालात 'पूर्तता झाली' असं लिहिलेलं असतं. रस्त्यावरून दिसणारा कुंपणालगतचा पट्टा बघा, तारीख दिसेल असे फोटो काढा, किती झाडं जगली ते लिहा. कुंपणाच्या आत जाऊ नका. एका बेकायदा फोटोपायी वर्षाची मेहनत वाया जाते.

चौथी पायरी: माहितीचा अधिकार

जे जाहीर नाही ते मागा. अर्ज जोडपत्र 'अ' च्या नमुन्यात, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून करायचा, किंवा राज्य शासनाच्या आरटीआय पोर्टलवरून. महाराष्ट्राच्या नियमांत दोन अटी आहेत, ज्यांवर नवखे अर्ज आपटतात: अर्ज एकाच विषयाचा हवा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. 'का केलं नाही?' असं विचारू नका. माहिती अधिकारी फक्त दप्तरात असलेला कागद देतो, म्हणून कागदाचं नाव घ्या. पुढचा नमुना वापरता येईल:

*प्रति, जन माहिती अधिकारी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, उपप्रादेशिक कार्यालय (ठिकाण).*
*विषय: (उद्योगाचे नाव व पत्ता) यांची पर्यावरण विवरणपत्रे व तपासणी अहवाल.*
*कालावधी: १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५.*
*आवश्यक माहिती: (१) या कालावधीतील प्रत्येक वर्षाच्या पर्यावरण विवरणपत्राची (फॉर्म ५) प्रत. (२) सध्या लागू असलेल्या संमतीपत्राची सर्व अटींसह प्रत. (३) मंडळाच्या अधिकाऱ्यांनी केलेल्या प्रत्येक तपासणीच्या अहवालाची प्रत. (४) या कालावधीत उद्योगास बजावलेल्या नोटिसा व त्यांना आलेली उत्तरे यांच्या प्रती.*
*माहिती टपालाने हवी आहे.*

फॉर्म ५ म्हणजे कारखान्याने दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला द्यायचं विवरण. त्यात कच्च्या मालाचा आणि पाण्याचा वापर लिहिलेला असतो. तुमचा तालुका मंडळाच्या कोणत्या कार्यालयाकडे येतो ते आधी बघा. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तरी घाबरू नका, कलम ६(३) नुसार त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

उत्तराला ३० दिवस. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील, २० रुपयांचं तिकीट लावून. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. 'व्यापारी गुपित' म्हणून कलम ८(१)(घ) दाखवून नकार आला तर त्याच कलमातली पुढची ओळ अपिलात लिहा: व्यापक जनहित असेल तर ही माहिती देता येते. धुराची आणि सांडपाण्याची मोजमापं ही गुपितं नाहीत, हे ठामपणे मांडा. अर्जदाराला वयाची अट नाही. अकरावी-बारावीची मुलंसुद्धा अर्ज करू शकतात, आणि त्यांनी करावेत.

पाचवी पायरी: जनसुनावणी

इथे मी जास्त जागा घेणार आहे. सगळ्या कायद्यांत सामान्य माणसाला प्रकल्पाआधी बोलायची संधी मिळते ती बहुतेक इथेच, आणि नेमकी हीच संधी आपल्याकडे घोषणा आणि धक्काबुक्कीत वाया जाते.

१४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए, म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांच्या मूल्यांकनाच्या, अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाला मंजुरीआधी जनसुनावणी घ्यावी लागते. ब-२ गटातले, म्हणजे कमी परिणामाचे मानलेले, प्रकल्प आणि मंजूर औद्योगिक वसाहतींतले काही उद्योग यांना सूट मिळते, म्हणून प्रकल्प कोणत्या गटात टाकला आहे ते परिवेशवर आधी तपासा. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात द्यावी लागते. प्रकल्पाच्या ईआयए अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि संबंधित ग्रामपंचायतीत ठेवावा लागतो, सोबत मराठीतला सारांश. ग्रामपंचायतीत तो कपाटात बंद असेल तर सरपंचांकडे लेखी मागा आणि अर्जावर पोच घ्या.

मराठी सारांशावर थांबू नका. तो वीस-तीस पानांचा असतो, मूळ अहवाल कित्येक शे पानांचा. गटात प्रकरणं वाटून घ्या. माझ्या मते कोकणात पहिल्यांदा उघडायचं प्रकरण म्हणजे परिसराच्या मूळ स्थितीचं. ही मोजमापं पावसाळा सोडून एका ऋतूत घेण्याची मुभा नियमांत आहे. देशाच्या कोरड्या भागात याने फारसं बिघडत नसेल. पण आपल्याकडे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो. मार्चमध्ये सर्वेक्षण करणाऱ्याला जिथे सुका कातळ दिसतो, तिथे जुलैत पऱ्ह्या दुथडी भरून वाहत असतो, विहिरींना पाणी याच सड्यावरून झिरपून जातं, आणि श्रावणात रानफुलांनी तो भरतो. मग सुनावणीत विचारा: जुलैतला प्रवाह मोजला का? २२ जुलै २०२१ सारखा पाऊस धरून निचऱ्याचं गणित केलं का? नसेल तर पावसाळ्यातली मोजमापं घेऊन अहवाल पुन्हा सादर करा, अशी मागणी इतिवृत्तात नोंदवायला लावा.

तसंच जमीन-वापराचं कोष्टक. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, असलेला सडा अहवालात 'पडीक' होऊन येतो. त्या कातळावर कातळशिल्पं, म्हणजे खडकात कोरलेली प्राचीन चित्रं, असू शकतात. बारसू, उक्षी, कुडोपी यांसारखी ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत. गुरांची चराई आणि सड्यावरची भातशेती यांचंही त्या एका शब्दात काहीच उरत नाही. ज्यांची गुरं तिथे चरतात त्या काका-मावशींना सुनावणीला बरोबर न्या. त्यांनी स्वतःच्या बोलीत सांगितलेलं तुमच्या भाषणापेक्षा भारी पडतं.

हवामानाबद्दल विचारायचे प्रश्न छोटे ठेवा आणि आकडा मागा. पूर्ण क्षमतेने चालल्यावर वर्षाला किती टन कार्बन डायऑक्साइड? किती कोळसा किंवा गॅस, कुठून येणार? निसर्गसारखं वादळ आलं तर जेटी, कोळशाचा साठा आणि राखेचा तलाव यांचं काय होईल? समुद्राची पातळी किती वाढेल असं धरून जोत्याची उंची ठरवली? खाडीत सोडल्या जाणाऱ्या पाण्याचं तापमान किती, आणि त्याने कालवं, शिवल्या, कोळंबीवर काय परिणाम होईल? शेवटच्या प्रश्नाला खाडीत हाताने मासे पकडणाऱ्या बायका तुमच्यापेक्षा बारकाईने भर घालतील.

सुनावणीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा किमान अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी असतात. चित्रीकरण सक्तीचं आहे. गणसंख्येची अट नाही, त्यामुळे बहिष्कार टाकला म्हणून सुनावणी रद्द होत नाही, उलट 'हरकत नाही' असं चित्र कागदावर उमटतं. मी बहिष्काराच्या विरोधात आहे तो याच कारणाने. निषेध दाराबाहेर जरूर करा, पण आत जाऊन बोला. हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवावं लागतं आणि त्यावर त्याच दिवशी सह्या होतात. बहुतेक लोक तोवर एसटी चुकेल म्हणून निघून गेलेले असतात. तुमच्या गटातल्या दोघांनी शेवटपर्यंत बसायचं असं आधीच ठरवा. तुमचा मुद्दा वाचला गेला नाही तर तिथल्या तिथे उठून सांगा. बोललेलं सगळं लेखीही द्या, दोन प्रतींत, एकीवर पोच.

भाषणात २०२४ च्या मार्चमधल्या एम. के. रणजितसिंह खटल्याचा उल्लेख करा. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या कलम १४ आणि २१ मधून येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात म्हटलं आहे. एक वाक्य पुरे, लांबण लावू नका.

किनारा आणि कांदळवन

किनाऱ्यावरच्या बांधकामासाठी २०१९ ची सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, अधिसूचना बघायची आणि जिल्ह्याचा मंजूर सीआरझेड नकाशा. कांदळवनाबद्दल मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८ चा निकाल तुमच्या खिशात असावा: तोड, भराव आणि डेब्रिज टाकण्याला बंदी, आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित. भराव दिसला तर फोटो, जीपीएस स्थान आणि वेळ यांसह तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष या तिघांना एकाच दिवशी तक्रार पाठवा. एकालाच पाठवली की टोलवाटोलवी सुरू होते.

फुटलेल्या खारबंधाऱ्यामुळे ज्यांच्या भातशेतीत तिवरं घुसली त्या शेतकऱ्याचा राग खरा आहे. त्याला पर्यावरणाचा शत्रू ठरवू नका. त्याच्याबरोबर खारभूमी विभागाकडे बंधारा दुरुस्तीचा अर्ज करा.

ग्रामसभा, जिथे बदल लवकर दिसतो

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभांना नेहमीची पंधरा डोकी सोडली तर कोणी नसतं. गावाचा उत्सर्जनाचा तक्ता तिथे वाचा आणि तो ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालायचा ठराव मांडा. विषय आधी लेखी देऊन सूचीवर घ्या, ऐन वेळी मांडलेला ठराव 'पुढच्या सभेत बघू' वर जातो. गाव राज्य शासनाच्या 'माझी वसुंधरा' या पर्यावरण अभियानात असेल तर सरपंचताईंना किंवा सरपंचभाऊंना सांगा की या तक्त्याने गुण मिळायला मदत होते. ऐकतात.

मागण्या गावाच्या आवाक्यातल्या ठेवा: पथदिवे एलईडी, पाणी योजनेचा पंप सौर, सड्यावर वणव्याआधी जाळरेषा, जैवविविधता व्यवस्थापन समितीची प्रत्यक्ष बैठक आणि लोकजैवविविधता नोंदवहीत सड्याची नोंद. घरांसाठी पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट आणि त्यापुढच्या यंत्रणेला ७८,००० रुपये अनुदान आहे. कौलारू छपरावर पॅनल सहज बसत नाहीत, आणि वादळवाऱ्यात सांगाडा उडतो, तेव्हा स्लॅबचं घर निवडा आणि गंज न धरणारा सांगाडा मागा.

दाद मागायची वेळ आलीच तर

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्याला आहे. तिथे मुदत हाच पहिला प्रश्न असतो. पर्यावरण मंजुरीविरुद्धचं अपील ३० दिवसांत, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. त्यानंतर दार बंद. भरपाईचे दावे सोडून बाकी तक्रारींना वादाचं कारण घडल्यापासून सहा महिने. भरपाई मागत नसाल तर अर्जाची फी १,००० रुपये. वकिलाकडे जाताना आधीच्या पायऱ्यांतली पोच, इतिवृत्त आणि तक्ते तारखेने लावून न्या, त्याचे अर्धे काम तिथेच होतं.

खटला म्हणजे हमखास जय असं समजू नका. उत्तराखंडच्या रिद्धिमा पांडेने २०१७ मध्ये, नऊ वर्षांची असताना, सरकारने हवामान बदलावर पुरेसं केलं नाही म्हणून हरित न्यायाधिकरणात अर्ज केला. जानेवारी २०१९ मध्ये तो फेटाळला गेला. ईआयए प्रक्रियेत हवामानाचा विचार होतोच, असं कारण दिलं गेलं. ते कारण वहीत उतरवून ठेवा. पुढच्या जनसुनावणीत 'या अहवालात तो विचार कोणत्या पानावर आहे?' असं विचारता येतं. त्याच २०१९ मध्ये प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचं ठरवलं. वानुआतू सरकारने ते उचललं, मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला, आणि २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने मत दिलं की हवामानाचं रक्षण हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे.

फाइल कोणाकडे राहील?

कोकणातली कामं बंद पडतात ती बहुधा माणूस नोकरीला बाहेर गेल्यावर. म्हणून सगळे कागद दोन ठिकाणी ठेवा: स्कॅन केलेले सामायिक ड्राइव्हवर, मूळ प्रती गावातल्या वाचनालयात किंवा शाळेत. फाइलच्या पहिल्या पानावर तारखा लिहा: १ जून आणि १ डिसेंबरचा पूर्तता अहवाल, ३० सप्टेंबरचा फॉर्म ५, चार ग्रामसभा, प्रलंबित अपिलांच्या मुदती. प्रत्येक तारखेसमोर दोन नावं, एक गावातलं आणि एक चाकरमान्याचं. दरवर्षी गणपतीत ही नावं बदलून घ्या आणि बारावी झालेल्या दोघांना तरी त्यात घ्या. त्यांच्याकडून पहिला माहिती अर्ज त्याच आठवड्यात भरून घ्या, तालुक्याच्या गावी पोस्ट उघडं असतानाच.